माझ्या अक्षरातले राजीनामे

वहिनींनी माझी ओटी शाळेच्या स्टाफरूममध्ये भरली. खण, नारळ, पाच मुठी गहू आणि एक हिरवी साडी. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाजूला सारून मला खुर्चीवर बसवलं होतं. वहिनी म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा दारात उभे होते.

"बसा की निवांत, बाई," ते म्हणाले. "चार महिने झाले, खुर्ची खुर्ची करत होता. घ्या, मिळाली."

सगळे हसले. मीही हसले. बाकीच्यांचं हसणं मी विसरेन कदाचित. माझं विसरता येत नाही.

फोटो झाला. पेढे झाले. मग हेडमास्तरांनी कागद लावलेलं पॅड माझ्यासमोर धरलं.

"सही करा. तारीख राहू द्या, ती आम्ही घालतो."

पदरात नारळ होता. तो एका हातानं सावरला आणि दुसऱ्या हातानं सही केली. कागद वाचायची गरज नव्हती. 'घरगुती अडचणीमुळे मी माझ्या पदाचा स्वखुशीने राजीनामा देत आहे. माझी कोणाबद्दलही तक्रार नाही.' मजकूर मला पाठ होता. अक्षर माझंच होतं.

हे नीट सांगायला हवं.

शिवाजी पेठेतल्या त्या खाजगी शाळेत मी मराठी शिकवत होते. नव्वदचं दशक आता संपत आलंय. शाळेची एक पद्धत होती. बाईला सातवा महिना लागला की वहिनी स्वतः येऊन तिची ओटी भरत. कौतुकानं, हौसेनं. ओटी भरलेली बाई दुसऱ्या दिवशी शाळेत येत नसे. तिला कोणी काढलं असं म्हणायची सोय नव्हती. तिला तर साडीचोळी करून पाठवलेलं असे. पेठेत लोक म्हणत, माहेर आहे माहेर.

माझं अक्षर चांगलं. फळ्यावरचा सुविचार मी लिहायचे, प्रशस्तिपत्रं मी लिहायचे. आणि राजीनामे. हेडमास्तर म्हणत, "बाईंना या अवस्थेत लिहायचा त्रास नको, तेवढं तुम्ही लिहा, त्या सही करतील." माझ्याआधी चौघींचे राजीनामे मी लिहिले. ओळी सरळ, वेलांट्या गोल. एकीच्या वेळी शाई फुटली म्हणून मी पुन्हा नवा कागद घेऊन लिहिला. इतकी माझी निष्ठा.

ओटीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून आणखी एक लिहून घेतला. नावाची जागा कोरी ठेवायला सांगितली. कोणासाठी, हे मी विचारलं नाही. माझ्या माहितीत त्या वेळी शाळेत गरोदर बाई मी एकटीच होते.

मी पुस्तकं वाचणारी बाई. मुलांना ओळींमधला अर्थ शोधायला शिकवायचे.

त्याआधी मी दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, वर्गात खुर्ची. शिक्षकानं बसून शिकवायचं नाही असा अण्णांचा नियम होता, म्हणून वर्गात खुर्च्याच नव्हत्या. दुसरी, तळमजल्यावरचा वर्ग. माझे वर्ग तिसऱ्या मजल्यावर. हेडमास्तर म्हणाले होते, "गरोदरपण म्हणजे काय आजार हाय काय, बाई? आमच्या आया शेतात बाळंत झाल्या." मग रजेचं विचारलं तेव्हा म्हणाले, "रजा? अशा अवस्थेत तुम्हाला काम झेपणारच न्हाय. नोकरीचा विचार सोडा आता." पायऱ्या चढायच्या तेव्हा तो आजार नव्हता. नोकरी टिकवायची तेव्हा आजार झाला.

त्या वर्षीच्या जूनमध्ये माझी दोन वर्षं पुरी होऊन मी कायम होणार होते. ती एक गोष्ट मला हवी होती. बाळ आणि ती नोकरी, दोन्ही हवं होतं. एवढंच.

आठव्या महिन्यात मुलगी झाली. ती रडली नाही.

दवाखान्यात गुंडाळायला कोरं कापड हवं होतं. सासूबाईंनी घरून मागवलं. नवऱ्याच्या हाताला जी कोरी साडी लागली ती तो घेऊन आला. हिरवी होती.

पायऱ्यांमुळं झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. पण मी त्या पायऱ्या मोजल्या आहेत. चौपन्न. दिवसातून तीन वेळा वर, तीन वेळा खाली.

जूनमध्ये शाळा उघडली तशी मी गेले. मला घरात बसवत नव्हतं. दूध आटलं होतं आणि दुपार सरत नव्हती. वाटलं, आता तर बाळ नाही. त्यांची अडचण बाळाची होती. ती संपली. असा हिशोब मी केला. आई झालेली बाई असा हिशोब करते, इतकी मी खाली गेले होते.

हेडमास्तरांनी बसा म्हटलं नाही.

"वाईट झालं, बाई. पण खरं सांगू? वहिनींच्या हातनं ओटी भरल्याली बाई, आन् असं झालं. त्यास्नी लागलंय ते. बाकीच्या बायकास्नीबी तुम्ही समोर दिसला की बरं वाटणार न्हाय."

मुलगी माझी गेली होती. लागलं वहिनींना होतं.

मग त्यांनी ड्रॉवर उघडून एक कोरा कागद काढला. आवाज मऊ केला. "सुरेखाबाईंना पुढच्या महिन्यात सातवा लागतोय. एवढा मजकूर लिहून द्या. मग मी तुमचं नाव अण्णांच्या कानावर घालतो. नव्यानं ऑर्डर काढू."

सुरेखा विज्ञान शिकवायची. जयसिंगपूरहून एसटीनं यायची.

मी पेन घेतलं. हे लपवत नाही. मी खुर्ची ओढून बसले आणि लिहायला लागले. 'घरगुती अडचणीमुळे मी'. एवढ्यावर हात थांबला. विचार वगैरे काही आला नाही. फक्त दिसलं की अक्षर किती छान येतंय. तीन महिन्यांत माझं सगळं बदललं होतं, झोप, अंग, घर. अक्षर तेवढं जसंच्या तसं होतं. त्या 'मी'कडं मी बघत राहिले. हा 'मी' आजवर पाच बायकांचा झाला होता आणि त्यातल्या एकीचाही नव्हता.

"काय झालं?" हेडमास्तर म्हणाले.

"न्हाय लिहिणार."

शाळेत मी कधी घरची भाषा बोलले नव्हते. त्या दिवशी तीच तोंडात आली.

"मग या दारात परत यायचं काम न्हाय, बाई."

मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि तळमजल्याच्या व्हरांड्यात सुरेखाला गाठलं. सांगितलं, सही करू नकोस. रजेचा अर्ज कर, रजिस्टर पोस्टानं पाठव, पोचपावती जपून ठेव. तिनं ऐकून घेतलं. डोळे कोरडे होते तिचे.

"आमच्या आधीच्या चौघींचं तुम्हीच लिहिलासा की, बाई," ती म्हणाली. "तवा का न्हाय सांगितलासा?"

घंटा झाली. ती जिन्याकडं गेली. कठड्याला धरून चढत होती.

 

सुरेखाची ओटी पुढच्या महिन्यात भरली. तिनं सही केली. मजकूर दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात होता.

मी वाचनालयात जाऊन बसू लागले. कायदा वाचला. बाळंतपणाची रजा पगारी असते. त्या रजेत बाईला कामावरून काढता येत नाही. राजीनाम्यावर तारीख ज्याची त्यानं घालायची असते. हे सगळं मराठीत छापलेलं होतं, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी त्या वाचनालयात आठवड्याला दोन कादंबऱ्या बदलायला जात होते.

वकील म्हणाले, "सही तुमची. अक्षरही तुमचं. जबरदस्ती झाली म्हणून कोर्टाला पटवायचं कसं? आणि बाकीच्या चौघींचं बाहेर आलं तर तुम्हीच अडचणीत याल. ते आपण काढायचं नाही."

तेच काढायचं आहे.

त्या चौघींना मी शोधलं. एक कबनूरला आहे, तिनं दार उघडून पुन्हा लावलं. एकीनं पाणी दिलं, तेवढंच. दोघी यायला तयार आहेत. त्यांनी मला माफ केलेलं नाही. मी मागितलेलीही नाही.

कोर्टातली पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे. समोरचा वकील कागद दाखवून विचारेल, हे अक्षर तुमचं का. मी हो म्हणेन. मग ते पाचही कागद मागवा म्हणेन. एकेक हातात घेऊन सांगेन, हेही माझं, हेही माझं. कोणी लिहायला सांगितलं, कोणत्या टेबलावर, कोणाच्या ओटीच्या आदल्या दिवशी. माझी नोकरी परत मिळेल असं मला वाटत नाही. मुलगी तर नाहीच. पण 'स्वखुशीने' हा शब्द मी पाच वेळा लिहिला आहे. तो मी पाच वेळा खोडणार.