दुरुस्त्यांची यादी

२०१५च्या सुमारास मी हॅम्बर्गला शिकत होते, पण तिथलं भाडं परवडेना म्हणून तासाभरावरच्या एका खेड्यात राहायचे. घरमालक म्हणजे तिथल्या रेल्वे स्टेशनचे शेवटचे स्टेशनमास्तर. मनात मी त्यांना आजोबा म्हणायचे, तोंडावर मात्र 'हेर', म्हणजे जर्मनमधलं 'श्रीयुत', आणि आडनाव. गाड्या अजून थांबायच्या, पण स्टेशनात माणूस उरला नव्हता. रेल्वेला ती विटांची इमारत पाडून काचेचा आडोसा उभारायचा होता. जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी कार्यालयानं संरक्षण दिलं, तरच ती वाचणार होती.

अर्जाला स्टेशनचा इतिहास जोडायचा होता. आजोबा म्हणाले, "तू कॉलेजात शिकतेस. लिहिणं तुझं काम."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. असं कुणी म्हटलं की मला नाही म्हणता यायचं नाही. ते दाखवत गेले, मी टिपत गेले. इथे दुधाचे कॅन ठेवायचे. इथे युद्धानंतर बेघर झालेली माणसं झोपायची. हे छप्पर गळायला लागलं, ते त्यांनी बदललं. सडलेल्या खिडक्या, दारं, फरशी, जिना, सगळं निवृत्तीनंतर, स्वतःच्या हातानं.

"हे कशाला लिहितेस?" त्यांच्या बायकोनं विचारलं. "म्हातारा आधीच फुगलाय."

"तू लिही गं," आजोबा खुशीत म्हणाले.

मला खरंच वाटलं, एवढं करणाऱ्याचं नाव यायलाच हवं. आमच्याकडे शाळेला पंखा दिला तरी पात्यावर नाव घालतात. मी दोन पानं नुसत्या दुरुस्त्यांना दिली, वर्षवार.

उत्तर थंडीत आलं. आजोबांना चष्मा सापडेना, म्हणून मीच मोठ्यानं वाचलं. सोबतच्या इतिहासावरून मूळ बांधकामातलं फारसं काही उरलेलं दिसत नाही, त्यामुळे संरक्षण देता येत नाही. खाली माझीच यादी, माझ्याच क्रमानं.

मी माफी मागू लागले, पण जर्मन शब्द सुचेनात.

"खोटं कुठे लिहिलंस?" ते म्हणाले. मग पत्र माझ्या हातातून घेतलं. "आल्झो... म्हणजे मी छप्पर गळू द्यायला हवं होतं?"



मार्चमध्ये यंत्र आलं. दुपारपर्यंत छप्पर खाली होतं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. तिथल्या खिडकीतून सगळं दिसत होतं, आणि पडदा ओढायचं कुणालाच सुचलं नाही.