जिताड्याचा डोळा

उरणजवळच्या करंजा गावची लेक कृष्णाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. ती दर्याला कधी भ्यायली नाही, गिऱ्हाइकाला तर नाहीच. "पयला डोला बग, मंग भाव कर," असं ती भल्याभल्यांना दटावायची; ताजा मासा डोळ्यावरून ओळखायचा असतो.

नव्वद सालच्या एका रविवारी तिचा लेक कुंदन घरच्यांना मुंबई दाखवायला घेऊन गेला. गेटवे झालं, राणीची बाग झाली, शेवटी मत्स्यालय. तिथल्या काळोखात काचेमागून हातभर लांब जिताडा सरकत आला आणि तिच्यासमोर थांबला. जन्मभर तिने जिताडा पाहिला तो पाटीत पडलेला. हा तिच्याकडे बघत होता. ती बाजूला सरकली, तर तोही सरकला.

"आये, चल ना," सून किशोरी म्हणाली.

कृष्णाबाईने तिचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "यो मना वलखतो," ती पुटपुटली.

सोमवारी पाटीत ताजा जिताडा होता. जुनं गिऱ्हाईक सवयीने डोळा बघायला वाकलं, तशी तिने ओलं फडकं माशाच्या तोंडावर ओढलं.

"आज कल्ला बगून घे," गालाची झडप उचलून आतला लाल कल्ला दाखवत ती म्हणाली.