टॉर्नेडोकडे पाठ

कॅनडात, एडमंटनमध्ये आमच्या शेजारी राहणारे काका मूळचे वसईचे. आठवडाभर बस दुरुस्त करतात आणि सुट्टीच्या दिवशी वादळांच्या मागे जातात. पण ढग कितीही भयंकर दिसू दे, "टॉर्नेडो" हा शब्द ते तोंडातून काढत नाहीत. "ढगाची सोंड जमिनीला टेकू दे, मग बोलू." वादळांमागे जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी घाईनं टॉर्नेडो लिहिलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "धूळ उडताना बघितलीस का?" मला हा निव्वळ हट्ट वाटायचा.

जुलैतल्या एका दुपारी एकामागून एक वादळाचे इशारे यायला लागले, तेव्हा मीही त्यांच्या गाडीत बसले. मोहरीसारख्या कनोलाच्या पिवळ्या शेतांमध्ये, रस्त्याच्या कडेला ग्रुपमधले चार-पाच जण कॅमेरे लावून उभेच होते. काका एकदा फोनवरचं रडार बघत, एकदा ढग, आणि मध्येच शर्टाला चष्मा पुसत. मग समोर लांबवर ढगाची सोंड खाली उतरली आणि शेतातून धूळ उडाली.

"टेकला. टॉर्नेडो," ते हळूच म्हणाले. बारा वर्षं याचीच वाट बघितली होती त्यांनी. हवामान खात्याला फोन लावून जागा आणि दिशा सांगितली. तेवढ्यात आमच्या मागून गाड्या आल्या, थेट त्या धुळीकडे निघालेल्या. काका धावत रस्त्याच्या मधोमध गेले.

संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांचे व्हिडिओ आले. काकांचा एकही नव्हता. पण प्रत्येक व्हिडिओत काका होते, टॉर्नेडोकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून गाड्या अडवत उभे.