नेरमिनचा वाडगा

‘बिचाऱ्या’ हा शब्द आधी डिलीट करा. मग बोलू.

सकाळपासून बघतेय. कुमुदकाकूंना जाऊन आज वर्ष झालं म्हणून मीराने आईचा फोटो टाकला, आणि खाली तुम्ही सगळे सुरू. बिचाऱ्या नवऱ्यामागे जपानला आल्या, जन्मभर क्योतोत स्वयंपाक केला, कुठे गेल्या नाहीत, काही बघितलं नाही.

कोणी सांगितलं तुम्हाला?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी क्योतोत पीएचडी करत होते. म्हणजे, करत नव्हते.

काका युनिव्हर्सिटीत रिसर्चला, काकू घरी, मीरा एवढीशी. शेजारच्या फ्लॅटमध्ये नेरमिन. तुर्कस्तानातल्या आर्त्विनची. डोंगरातलं छोटंसं शहर. तिचाही नवरा रिसर्चला.

दोघींची भाषा एकच. कुठल्या दिवशी कुठला कचरा, हे शिकता शिकता आलेलं मोडकं जपानी.

आणि नियमही एकच. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही.

त्यामुळे भांडी थांबायचीच नाहीत. इकडून थालीपीठ, तिकडून भात भरलेली द्राक्षाची पानं.

मग नेरमिनच्या नवऱ्याचं काम संपलं. ती गेली, आणि तिचा निळ्या काठाचा वाडगा काकूंच्या ओट्यावर राहिला.

नेमकी मी एका कॉन्फरन्ससाठी इस्तंबूलला निघालेली.

“तुर्कस्तानातच आहे ना ते? मग जरा पुढे जाऊन ये. वाडगा द्यायचाय.”

“काकू, जरा पुढे नाहीये. देशाचं दुसरं टोक आहे.”

“बस जाते. नेरमिनने सांगितलंय.”

“पोस्टाने पाठवा ना.”

“पोस्टाने लाडवांचा भुगा होईल.”

लाडू. अर्थात. बेसनाचे, वाडगाभर, वर कापडाची घट्ट गाठ.

“बरं, पत्ता?”

“पत्ता कशाला? बसमधून उतरलीस की चढ. चढतच राहा. दम लागला की चहाचं दुकान येईल. तिथे तिचं नाव सांग.”

हसलात ना? मीही हसले होते.

एक रात्र आणि वर एक अख्खा दिवस बस. नदीकाठी उतरले आणि मान वर केली, तर सगळं शहर डोंगराला लटकलेलं. एकाचं छप्पर, त्याच्या लेव्हलला दुसऱ्याचा दरवाजा.

चढले. दम लागला.

चहाचं दुकान.

आत काही म्हातारे. इतकं शांत, की ग्लासात फिरणारा चमचा रस्त्यावर ऐकू येत होता. मी नेरमिनचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. एक आजोबा उठले आणि मला घेऊन अजून वर चढायला लागले.

नेरमिनने गाठ सोडली. दारातच एक लाडू खाल्ला. मग जपानीत म्हणाली, “कुमुद-सान का नाही आली?”

“काकांची सुट्टी दर वेळी इंडियात जाते.”

“माझ्या नवऱ्याचीही इकडेच यायची,” ती म्हणाली. “मी तरी कुठे ताजमहाल बघितला.”

तिच्याकडे राहिले. बघायला काही नव्हतंच. खिडकीखाली ढग, ढगांखाली कुठेतरी नदीचा आवाज. थीसिस कुठवर आला, हे कोणी विचारलं नाही. त्या खिडकीत बसून मी माझी पहिली गोष्ट लिहिली. एकही पूर्णविराम नसलेली.

निघताना नेरमिनने वाडगा माझ्या हातात ठेवला. अक्रोड आणि वाळवलेल्या तुतींनी भरलेला.

“अगं, हा परत द्यायलाच तर आले होते मी.”

“मग? तिच्याकडे रिकाम्या हाताने पाठवू तुला?”

क्योतोत काकूंनी वाडगा बघितला आणि कपाळावर हात मारला. मग इतक्या हसल्या, की मीरा घाबरून रडायला लागली.

आणि मग प्रश्न. खिडकी नदीकडे आहे ना? बेकरी उतारावरच आहे ना अजून? तिची सासू चिडकी वाटली का गं? मी सांगायचे, त्या मला दुरुस्त करायच्या. मी जाऊन आले होते, तरी.

गोष्टही वाचली त्यांनी. “यात श्वास कुठे घ्यायचा?” म्हणाल्या. पण शेवटपर्यंत वाचली.

थीसिस मी सोडला. लिहिणं नाही. ज्या बाईने मला तिकडे पाठवलं, तिला तुम्ही बिचारी म्हणताय.

आत्ता मीराचा फोन आला होता. क्योतोचं घर रिकामं करतेय.

“ताई, ओट्यावर एक निळा वाडगा आहे. सेटमधला नाहीये. मोएनाई ना हा?”

मोएनाई म्हणजे न जळणारा कचरा. त्याची गाडी उद्या सकाळी.

“हात लावू नकोस. मी येतेय.”

“ओजिमाहून? इतक्या लांबून, एका वाडग्यासाठी?”

“आपला नाहीये तो. नेऊन द्यायचाय. तू बेसन आणून ठेव.”

“मला लाडू नाही येत.”

“मलाही नाही. दोघी मिळून करपवू.”

नेरमिन आहे की नाही, माहीत नाही. पत्ता आजही नाही. चढत राहायचं आणि दम लागला की विचारायचं. आता तो पहिल्याच वळणावर लागेल.

माझी ट्रेन आली. कमेंट्स वाचायला मी इथे नाहीये.

काकू, नमस्कार. वाडगा पोचवते.