काडतुसातला आवाज

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी अमेरिकेतल्या चँडलरमध्ये एका मराठी जोडप्याच्या घरी भाड्याने राहत होतो. काका कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. शनिवारी ते नेमबाजीच्या रेंजवर रिव्हॉल्व्हर चालवत आणि त्याची काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरत.

वापरलेल्या पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारा नवा प्रायमर, मग मोजून दारू, वर शिशाची गोळी. बाकावरच्या प्रेसचा दांडा ओढला की गोळी हव्या त्या खोलीपर्यंत बसे. मग पुंगळीची कड गोळीवरच्या खाचेत वळवायची, तो क्रिंप. दोन्ही एकदम केलं तर कड शिसं खरवडते, म्हणून काका आधी सगळ्या गोळ्या बसवत, नंतर सगळ्यांना क्रिंप देत.

"क्रिंप ढिला राहिला तर बाराच्या धक्क्याने बाकीच्या गोळ्या पुढे सरकतात, चक्र जॅम होतं," ते सांगत. "जो तो आपल्या जागी बसला पाहिजे यार."

शेवटी प्रत्येक काडतूस ते कानाशी हलवून बघत. लांब पुंगळीत दारू जेमतेम तळापुरती असे. वाळू सरकल्यासारखा आवाज येई. वाऱ्याने तराजू हलू नये म्हणून कूलर बंद असे, त्यामुळे तो स्पष्ट कळे.

जुलैतल्या एका दुपारी मी गॅरेजमध्ये गेलो. काकांनी क्रिंप दिलेलं काडतूस हलवलं, मान डोलावली आणि माझ्या कानाशी धरलं.

"ऐक."

काहीच ऐकू आलं नाही. दुसरं धरलं. तेही गप्प. बाकावर दारूचा एकच डबा होता. त्याचं सील फोडलेलं नव्हतं.

"काका, यांत दारू नाहीये."

"काय बोलतोस? मला येतोय की आवाज."

नुसत्या प्रायमरने गोळी नळीत जाऊन अडकते. तिच्यामागून दारू भरलेली दुसरी सुटली तर नळी फुटते. शनिवार दोन दिवसांवर होता.

काकू ताक घेऊन आल्या. काकांनी त्यांच्याही कानाशी काडतूस हलवलं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांची नजर डब्यावर गेली.

"येतोय हो, छान येतोय," त्या म्हणाल्या. "ह्याला कुठला ऐकू यायला, दिवसभर टाइपरायटर बडवतो."

काका खूश होऊन हसले.

स्वयंपाकघरात काकू हळू आवाजात म्हणाल्या, "परवा ग्रोसरीहून येताना घराचा रस्ता विसरले. ते रिव्हॉल्व्हर आजच बंदुकांच्या दुकानात देऊन ये. दारू, प्रायमर, सगळं ने."

मी नेलं. शनिवारी काकांना काकूंनी रेंज बंद असल्याचं सांगितलं. पुढे काकांनी विचारलं नाही.

प्रेस, रिकाम्या पुंगळ्या आणि शिशाच्या गोळ्या मात्र तिथेच राहिल्या. दुपारी कूलर बंद होई आणि भिंतीपलीकडून दांड्याचा आवाज येई. आधी गोळ्या बसत, नंतर क्रिंप. मग दांडा थांबे, आणि काका एकेक काडतूस कानाशी नेत. तेवढा वेळ काकूही स्वयंपाकघरातला नळ बंद करून उभ्या राहत.