बंड्याचा नक्की कुठला पाय?

च्या घ्या आदी. निवायच्या आत सांगून हुतंय. आन हसायचंच असलं तर तोंडाला टावेल लावू नका, मोकळं हसा. समद्या गावानं हसून घेतलंय, तुमीच तेवढं ऱ्हायलाय!

तर बगा, आमी मूळचे मेंढरंवालं. तासगावच्या पल्याड, पार उगवतीला आमचं गाव. आता द्राक्षबाग हाय, पन आज्यापासनं एक इद्या घरात चालत आलीया, मोडल्याला पाय बांधायची. शेरडू असू दे न्हाईतर मेंढरू, बांबूच्या कामट्या लावून मी अशी चिंधी आवळतो की जनावर पंधरवड्यात बांधावरनं उड्या मारतंय. कुनालाबी इचारा! जनावरानं पाय उचलून धरला की त्यो दुखतोय, ह्यात आमचं आजवर कवा चुकलं न्हाई.

कवा चुकलं न्हाई. एवढं ध्यानात ठिवा.

आता सुनंचं सांगतो. पोरगा मिलटरीत. लगीन झालं, सुट्टी संपली, गेला हद्दीवर. सून कोरेगावची, लय गरीब पोर. "व्हय मामंजी", "न्हाई मामंजी", ह्याच्या म्होरं शब्द न्हाई. माहेरनं येताना तिनं एक पिंजरा आनल्याला. आत फिंच पाखरू. चिमनीपेक्षा बारीक, चोच गाजरागत, गालावर तांबूस टिकल्या, आन आवाज कसा? ल्हान पोरांच्या वाजत्या चपलागत. प्यँक, प्यँक! नाव बंड्या. त्याच्या जोडीची मादी लगनाआदीच मेल्याली. सून दिसभर मन मोकळं करायची ते ह्या बंड्यापाशी.

भैनीच्या डोहाळजेवनाला ती माहेरी निघाली. जाताना पिंजरा माझ्याम्होरं ठिवला आन पहिल्यांदाच एवढं बोलली, "मामंजी, ह्या घरात माझं म्हनून एवढंच हाय. जपा."

म्हनलं, पोरी, ह्याच्या केसालाबी धक्का लागू द्यायचा न्हाई.

दुपारी जेवून पिंजऱ्यापाशी गेलो. मला त्या पाखराचं लय नवल. एवढंसं पोट, त्यात एवढं राळ्याचं दानं जातंय कुठं? वाकून बगतो, तर बंड्या फुगून गोळा झाल्याला, डोळं अर्धं मिटल्यालं, आन एकाच पायावर उभा! उजवा पाय पोटात.

"आगं ये, भाईर ये! बंड्याचा उजवा पाय मोडला!"

बायको हात पुसत आली. "उजवा कुठला? डावा हाय की."

"माझी हयात गेली पाय बांधन्यात, आन तू मला डावा-उजवा शिकिवती व्हय?"

"आवं, डोळं हायत मला! डावा वर धरलाय!"

बगतो तर खरंच डावा वर. म्हनलं, त्यो आपल्याकडं तोंड करून हाय, म्हंजी आपला डावा त्यो त्याचा उजवा. असा हिशेब करून मी उजवाच ठरिवला. कामटी तर लय मोटी हुनार. मग खराट्याच्या काडीचं तुकडं केलं, शिवनाच्या डब्यातला दोरा घेतला. बंड्यानं बोटाला असा चिमटा काढला की डोळ्यात पानी! पन बांधला.

घटकाभरानं बगतो, तर गडी काडीच्या पायावर उभा आन डावा वर!

"म्हनलं नव्हतं?" बायको.

"म्हंजी दोन्ही मोडलं असनार," मी.

आन बांधला की दुसरा!

आता दोन्ही पाय ताठ, दांडीवर बसता येईना. बंड्या तळाला आडवा पडला. प्यँक न्हाई का काय न्हाई. तेवढ्यात सुनंचा फोन, त्यो बी व्हिडिओवाला!

"मामंजी, बंड्या दावा की."

मी फोन कानालाच घट्ट लावला. "झोपलाय!" म्हनलं.

"बरं. उद्या दुपारी येते मी."

मेलो की! सकाळी पहिल्या यष्टीनं मिरज गाठायची ठरिवली. मिरज म्हंजी मोट्या दवाखान्यांचं गाव, आमच्याकडं 'मिरजंला न्हेला' म्हनलं की लोक आवाज बारीक करत्यात. मांडीवर टावेलाखाली पिंजरा. शेजारच्या म्हाताऱ्यानं इचारलं, "कोन आजारी हाय?"

"घरातलंच हाय."

"काय झालं?"

"दोन्ही पाय."

"आरारारा! वय काय?"

"दीड वर्स."

म्हातारं रडायच्या बेताला आलं. माझ्या पाठीवरनं हात फिरवाय लागलं. तेवढ्यात टावेलाखालनं बारीक आवाज, प्यँक! म्हातारं जे उठलं, ते मिरज येस्तवर माझ्यापाशी बसलं न्हाई.

पाखरांच्या डॉक्टरनी बारीक कातरीनं दोरं कापलं. बंड्या झटकन दांडीवर! राळं टिपलं, पानी प्यायला, अंग फुगिवलं, आन एक पाय पोटात घेतला.

"बगा सायेब! हाच! ह्योच पाय!"

"काका, तो झोपतोय."

"आन पाय?"

"पक्षी एक पाय पिसांत घेऊन झोपतात, उबेला. मग थोड्या वेळानं दुसरा. घरी कोंबड्या आहेत का?"

"हायत की. मोप."

"दुपारी सावलीत कशा उभ्या असतात?"

ल्हानपनापासनं कोंबड्यात वाढलो! समद्या डोळ्याम्होरं येऊन उभ्या ऱ्हायल्या, एकेका पायावर. चार पायाच्या मेंढराची नदर मी दोन पायाच्या पाखराला लावली हुती. आन सुनंला खोटं म्हनून काय सांगितलं? झोपलाय! तेवढंच काय ते माझं खरं निदान.

परतीला आमच्या फाट्यावर उतरलो. बंड्याला हिसका नगं म्हनून पिंजरा दोन्ही हातानं वर धरला, आन खाली बगितलंच न्हाई. पाय खड्ड्यात, घोटा कटकन! तिथनं घरापतुर लंगडी घालत आलो.

दारात सून उभी. बायकोच्या तोंडात तीळ भिजतोय व्हय? आदीच समदं सांगून मोकळी! पोरीनं गुमान पिंजरा घेतला. बंड्याचं दोन्ही पाय निरखून बगितलं. मग माझ्याकडं बगितलं. मी उंबऱ्याला धरून एका पायावर. पोरीचा इस्वास गेला, आता ही परत कवा बोलायची न्हाई.

"मामंजी," ती म्हनली, "झोप आली व्हय?"

आन हसली! ह्या घरात आल्यापासनं पहिल्यांदा, खळखळून. बंड्याबी तिकडं सुरू, प्यँक प्यँक प्यँक!

"आगं, हसताय काय? घोटा मुरगाळलाय! चिंध्या आना!"

बायको चिंध्या, कामट्या, दोऱ्याची गुंडी, समदं घेऊन आली. पदर खोचून माझ्याम्होरं बसली.

"आवं, आता नीट सांगा. डावा का उजवा? न्हाईतर दोन्ही बांधते!"