गळ्यावरचा हात

त्या ध्यानाच्या शिबिराला जाताना देवाकडे मी एवढंच मागत होते, की घटकाभर तरी डोकं शांत होऊ दे. गळ्याला उजवीकडे गाठ आली होती. सुई घालून तपासणी झाली होती, रिपोर्ट यायचा होता. तोवर घरात बसून मला वेड लागलं असतं, म्हणून आमच्या ह्यांनीच मला झाई गावाहून रानशेतजवळच्या आश्रमात आणून सोडलं. "ध्यान कर, बरं वाटेल," म्हणाले आणि वाडीत चिकू उतरवायचे होते म्हणून लगेच माघारी गेले. जाताना प्रसादासाठी आमच्याच चिकूंची एक टोपली ठेवून गेले, अजून पुरते न पिकलेले.

ध्यान कसलं, आश्रम म्हणजे नुसतं लग्नघर! मंडपात कुणीतरी माईकवर फुंकर मारून "हॅलो, हॅलो" करतंय, उंबरगावची भजनमंडळी झांजा घेऊन तयार, मागे कुकरच्या शिट्ट्या आणि पोरांचा धुडगूस. गुरुजी शांतपणे सांगत होते, "श्वासाकडे पाहा." मी पाहत होते, पण मिनिटामिनिटाला मनाला विचारत होते, लागलं का ध्यान? आणि प्रत्येक वेळी हात गळ्याकडे जायचा. गाठ कालच्यापेक्षा मोठी झाली का? घट्ट झाली का? जरा दाबून बघू. एवढ्या लांब येऊन देवानं मला बाजारात बसवलं, या विचारानं मी त्याच्यावर मनातल्या मनात खूप चिडले. खोटं कशाला सांगू, रडूही आलं.

शेवटी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे एक गुजराती बाई नैवेद्याचं ताट लावत होत्या. आमच्या टोपलीतला एकेक चिकू उचलायच्या, अंगठ्यानं दाबायच्या, परत ठेवायच्या, पुन्हा तोच उचलायच्या. चिकूच्या वाडीत जन्म गेलेल्या माझ्यासारख्या बाईला हे कसं बघवेल? मी जवळजवळ ओरडलेच.

"अहो बेन, दाबू नका! दाबलं तिथं आतून डागाळतो तो."

"अरे, पण दाबल्याशिवाय पिकला ते खबर कशी पडेल?" त्या हसत म्हणाल्या.

"वासानं कळतं. पेंढ्यात झाकून ठेवायचा आणि विसरायचं. पिकायचा तेव्हा तो पिकतो, आपण चाचपून लवकर पिकत नाही."

त्यांनी चिकू खाली ठेवला आणि सहज विचारलं, "मग तुम्ही सकाळपासून गळ्याला काय दाबदाब करता, बेन?"

माझा हात तेव्हाही गळ्यावरच होता. त्यांना माझ्या दुखण्याचं काहीही ठाऊक नव्हतं. मी हात खाली घेतला, त्या परत ताट लावू लागल्या.

मंडपात परतले तेव्हा भजन अगदी रंगात आलं होतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. ध्यान लागलं का, हे विचारायचंही सोडून दिलं. झांजा वाजत होत्या, पोरं ओरडत होती, माझी भीतीही तिथेच शेजारी बसली होती. कुणालाच मी गप्प बसवलं नाही. आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी फार शांत होतं. ते किती वेळ टिकलं, मला सांगता येणार नाही. डोळे उघडले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मंडपाच्या दाराशी हे उभे होते. चेहऱ्यावरूनच रिपोर्ट कळला.

ऑपरेशन झालं. टाके सुकले आहेत. भीती गेली असं मी म्हणणार नाही, ती रोज सकाळी माझ्याआधी उठते. पण त्या दिवशी देवानं मला काय दिलं, ते मला ठाऊक आहे. त्या बेनचं नावही विचारायचं राहिलं, तरी रोज दिवा लावताना त्यांची आठवण येते.

उद्या पुन्हा तपासणी आहे. आत्ता चिकूच्या खोलीत डोकावून आले. चिकू पेंढ्यात झाकलेले आहेत, अजून वास सुटलेला नाही. दारात उभी असताना सवयीनं हात गळ्याकडे निघाला. त्याला वाटेतच दुसऱ्या हाताशी जोडलं, आणि मग दार हलकेच लोटून घेतलं.